फिलूमावशी, दगडावर काय कोरायचं?

प्रिय फिलूमावशी,

परवा रॉय आला होता. तुझा मुलगा आणि माझ्या दारात, याचंच मला आधी नवल वाटलं. तू असताना तो मला फार तर 'हाय' म्हणायचा आणि गाडीची किल्ली बोटावर फिरवत निघून जायचा. परवा मात्र मास्क लावून पायरीखाली उभा राहिला. घरात कुणाला घ्यायचं नाही असा नियम पुन्हा लागलाय. मी चहा कठड्यावर ठेवला, तो त्याने घेतला आणि समोर उभा राहूनच मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला.

काळा दगड. त्यावर सोनेरी अक्षरांत तुझं नाव, खाली दोन तारखा, आणि त्याखाली एक रिकामी पट्टी.

"तिथे मला मॉमचे शेवटचे शब्द हवेत," तो इंग्रजीत म्हणाला. "इन हर ओन लँग्वेज. तिच्याशी शेवटचं तूच बोललीस. तू लिहून दे, ते लोक कोरतील."

मी त्याच्याकडे दोन दिवस मागितले. ते आज संपतात, आणि मी काय करतेय, तर तुला पत्र लिहितेय! पण तुला नाही विचारायचं तर कुणाला विचारू? काय बोललीस गं तू त्या दिवशी?

कॉलेजच्या पहिल्या संध्याकाळी मी तुला टीचर समजले होते, आठवतं? इस्त्रीचा कुडता, गळ्यात बारीक क्रॉस, हातात नवी कोरी फाइल. बाकीचा वर्ग अठरा-एकोणीस वर्षांचा, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून बसलेला. मी उभी राहून तुला 'गुड इव्हिनिंग' म्हटलं, तर तू माझ्या शेजारची खुर्ची ओढलीस आणि मराठीत म्हणालीस, "बस गं, मीही नापास व्हायलाच आलेय." मी मराठी आहे हे तुला कसं कळलं ते तू शेवटपर्यंत सांगितलं नाहीस.

मी कराडहून अकाउंटिंग शिकायला आलेली, पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळाल्यावर अकाउंटिंगला रामराम ठोकून वेअरहाऊसात स्कॅनर हातात धरलेली. तू वसईची, लग्न करून इथे आलेली, सगळा जन्म ऑफिसात दुसऱ्यांच्या पगाराचे हिशोब केलेली आणि रिटायर होऊन घरी बसवत नव्हतं म्हणून आलेली. दोघींनाही युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, थेट कुणी उभं केलं नसतं. म्हणून हा आडवा रस्ता: नोकरी सांभाळून संध्याकाळच्या कॉलेजात डिप्लोमा करायचा, मार्क बरे पडले तर तो धरून युनीत एकदम दुसऱ्या वर्षाला जायचं. लोक त्यात नर्सिंग घेतात, बिझनेस घेतात. आपण घेतलं मानववंशशास्त्र. माझ्या आईला अजून वाटतं मी हाडं मोजते.

हेलन, आपली लेक्चरर, हिने प्रत्येकाला विचारलं होतं, हाच विषय का? मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तू मात्र फाइल मिटून म्हणालीस की तीस वर्षं लोक तुला विचारतायत, इंडियन आहेस तर ख्रिश्चन कशी, कधी झालीस? मी कधी होणार, चारशे वर्षांपूर्वीची माणसं झाली, आता याचं उत्तर एकदा पद्धतशीर द्यायचंय. सगळा वर्ग हसला. हेलन हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. त्या दिवसापासून तू तिची लाडकी झालीस आणि मी तुझी शेजारीण.

त्यानंतर किती संध्याकाळी तू पॉइंट कुकच्या तुझ्या घराची वाट वाकडी करून मला टार्नेटला माझ्या खोलीवर सोडलंस! कधी पेट्रोलचं नाव काढू दिलं नाहीस. गाडीत मागच्या सीटवर डबा असायचा, तो माझ्यासाठीच असायचा, पण देताना म्हणायचीस की उरलंय म्हणून देतेय. मावशी कधी म्हणायला लागले ते मलाही आठवत नाही. तू हरकत घेतली नाहीस, एवढं आठवतं.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खुपायची, आज बोलतेच.

तू गाडीत ॲग्नेसला फोन लावायचीस. तुझी धाकटी बहीण, तिकडे वसईला घरी. हॅलो म्हटलं की तू वेगळीच बाई व्हायचीस. आवाज चढायचा, हात स्टिअरिंगवरून सुटायचे, आणि तुमच्या घरची ती कादोडी धडाधड सुरू. वसईच्या ख्रिस्ती कुपारी माणसांची बोली. मी कान देऊन ऐकायचे. मराठीचीच सख्खी नातलग, म्हणून वाटायचं आत्ता कळेल, आत्ता कळेल, आणि काही हाताला लागायचं नाही. एखादा शब्द ओळखीचा वाटायचा, तोवर तू चार वाक्यं पुढे गेलेली असायचीस. मग फोन ठेवून माझ्याकडे वळायचीस आणि शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी! "आपण आता पुढच्या सिग्नलला वळूया."

मी किती वेळा म्हटलं, माझ्याशीही तसंच बोल. तू म्हणायचीस, तुला काय करायचंय ते, आमचं आपलं घरातलं आहे. मग तो असाइनमेंट आला. एका माणसाची त्याच्या भाषेत मुलाखत घ्यायची, जशीच्या तशी उतरवायची, खाली इंग्रजी अर्थ द्यायचा. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. तुझ्या स्वयंपाकघरात टेबलावर फोन ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, म्हटलं, लग्नाच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे काय काय करतात सांग, पण ॲग्नेसला सांगतेस तसं सांग. तू साडीचा पदर सारखा केलास. त्या दिवशी साडी का नेसली होतीस, रेकॉर्डिंगमध्ये साडी दिसते का? आणि सुरू केलंस, "आमच्या समाजात विवाहाच्या पूर्वसंध्येस..."

मी फोन बंद केला. आपण भांडलो. तू म्हणालीस की शाळेत घरचा शब्द तोंडातून गेला की अख्खा वर्ग हसायचा, त्यामुळे बाहेरच्यांपुढे बोलायचं नाही ही सवय हाडात बसलीय. मी रागाने विचारलं, मी बाहेरची का?

"तू घरातलीच आहेस," तू म्हणालीस. "पण कराडची."

मला हसू आलं आणि भांडण तिथेच मिटलं. असाइनमेंट तुझ्या पूर्वसंध्येसकटच दिला. मार्कही बरे पडले. आज वाटतं, कशाला हसले? अजून थोडी भांडले असते तर तुझी शंभर वाक्यं तरी मला येत असती.

मग युनीचा ओपन डे. तू विल्यम्स लँडिंग स्टेशनला गाडी लावलीस, आपण ट्रेनने गेलो. लायब्ररीत तू खिडकीजवळच्या एका खुर्चीत बसलीस ती उठेचनास. मी म्हटलं, चल, अजून कॅन्टीन बघायचंय. तू म्हणालीस, कॅन्टीन पळून जात नाही, पण ही खुर्ची कुणीतरी घेईल. पुढच्या वर्षी रोज याच ट्रेनने यायचं ठरलं. तुला पुढे तोंड असलेली सीट लागायची, मला उलटी बसले की मळमळतं. कोण कुठे बसणार याचीसुद्धा बोलणी झाली होती.

त्यानंतर सगळं बंद झालं. कॉलेज झूमवर गेलं. महिनाभर आम्हाला तुझं कपाळ आणि वरचा ट्यूबलाइट एवढंच दिसायचं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, तुझं घर त्याच्या पलीकडे. पण तू खुशीत होतीस. म्हणायचीस, शेवटचं सेमिस्टर घरी बसून पास होऊ, युनीत खरी मजा करू.

आणि एका संध्याकाळी तू वर्गात दिसली नाहीस. रात्री रॉयचा मेसेज आला. मॉमला स्ट्रोक आला होता. तिला हॉस्पिटलात नेलंय, आत कुणालाच सोडत नाहीत, तो स्वतः पार्किंगमध्ये गाडीत बसून आहे.

दोन दिवसांनी वॉर्डमधून मला फोन आला. मी शिफ्टवर होते. सुपरवायझरला खूण करून बाहेर पळाले आणि गाडीत जाऊन बसले. नर्स म्हणाली, पेशंट सकाळपासून खूप बोलतेय पण इंग्रजी बोलत नाही. मुलाला तिची भाषा येत नाही, त्याने तुझा नंबर दिला. फोनवरच्या दुभाष्यालाही विचारून झालं, तो म्हणतो बोलणं स्पष्ट नाही. आमच्याकडे मराठी असं लिहिलंय, तुला मराठी येतं ना?

मी म्हटलं, येतं. अगदी ठासून म्हटलं. वाटलं, चला, कुणाच्या तरी उपयोगी पडतेय.

तिने टॅबलेट तुझ्यासमोर धरला. तुझा चेहरा एका बाजूने उतरला होता, केस कुणीतरी वेगळाच भांग पाडून विंचरले होते. मी म्हटलं, मावशी, मी सुजाता. तू बघितलंस आणि बोलायला लागलीस.

मावशी, बोलणं अस्पष्ट नव्हतं. तो दुभाष्या कुठला होता देव जाणे, पण मला त्यातली लय चांगली ओळखू येत होती. गाडीत ऐकलेली तीच लय. तू कादोडीत बोलत होतीस. इतकी वर्षं मागत होते ते तू त्या दिवशी मला दिलंस, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळलं नाही!

तू सुजाताशी बोलत होतीस, का मला ॲग्नेस समजली होतीस? शेवटी मला घरातली केलीस, का ओळखलंच नाहीस? हेही मला कधी कळणार नाही.

नर्स मधे मधे विचारत होती, काय म्हणतेय, दुखतंय का, पाणी हवंय का? मी म्हटलं, मला कळत नाहीये, हे माझं मराठी नाही.

"पण इथे मराठीच लिहिलंय," ती म्हणाली. बिचारीचा काय दोष? अंगावर तो निळा झगा, तोंडावर काच, आणि मागे दुसरे पेशंट हाका मारतायत.

मग तू मला काहीतरी विचारलंस. प्रश्नच होता तो, शेवटी आवाज वर गेला आणि तू थांबलीस. माझ्याकडे बघत राहिलीस. तू पुन्हा तेच विचारलंस, जरा हळू, पोराला समजावून विचारतात तसं. मी काय करू? गाडीच्या काचेबाहेर फोर्कलिफ्ट फिरतायत, फोनमध्ये तू वाट बघतेयस. मी म्हटलं, हो मावशी. तू तिसऱ्यांदा विचारलंस. मी म्हटलं, हो, हो, नक्की.

आणि तू हसलीस. अर्ध्या तोंडाने, पण तुझं ते नेहमीचं, खांदे हलवून. मग डोळे मिटलेस. नर्स म्हणाली, आता झोपू दे तिला.

ॲग्नेसला जोडून द्यायला हवं, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता. रॉयकडे नव्हता. तुझ्या फोनमध्ये होता आणि तुझ्या फोनला कुलूप. इथल्या वसईकरांच्या ग्रुपवर विचारलं, तिथून कुणाच्या तरी वहिनीकडून दुसऱ्या दिवशी नंबर मिळाला. ॲग्नेस फोन हातात धरून बसली, मी हॉस्पिटलला लावत राहिले. पण तू त्या झोपेतून उठलीच नाहीस.

दफनाला दहाच माणसं चालत होती. ती तुझ्या सख्ख्यांतच भरली, आणि ते बरोबरच होतं. मी लॅपटॉपवर बघितलं. कॅमेरा फुलांवर होता, फादर दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. तुमच्याकडे अख्खं गाव माती द्यायला येतं असं तूच सांगितलं होतंस ना? मी टार्नेटमध्ये पलंगावर बसून होते. काय करायचं असतं अशा वेळी? मी उठून भांडी घासली.

बाकी मी पास झाले. तुझी आठवण आली म्हणून अभ्यास सोडला वगैरे काही झालं नाही, उलट खोलीत दुसरं करायला काही नव्हतं. युनीने डिप्लोमा धरला, मी दुसऱ्या वर्षाला आहे. पण तेही पुन्हा झूमवरच. ती खुर्ची कुणी घेतली असेल तर मला माहीत नाही. तिथल्या एका ट्यूटरला मी तुझ्या त्या फोनबद्दल सांगून बसले. ती म्हणाली, फारच सुंदर मटेरियल आहे, यावर पेपर लिही. मला इतका राग आला की कॅमेरा बंद करून टाकला. मटेरियल! तू विचारत होतीस आणि मला कळत नव्हतं, यात सुंदर काय आहे?

तर आता रॉयला काय देऊ?

काल ॲग्नेसला फोन केला. आठवतील तेवढे आवाज तोंडाने काढून दाखवले. आधी ती रडली, मग हसली, म्हणाली, असं आमच्यात कुणी बोलत नाही गं. साहजिकच आहे, माझी आठवण ती केवढी. मग तिने मलाच समजावलं. लिहून टाक काहीतरी, 'येशू, मला जवळ घे' लिही, सगळेच लिहितात, त्या पोराला बरं वाटेल. मी म्हटलं, पण शेवटी ती हसली होती, तसं म्हणाली असेल का? ॲग्नेस म्हणाली, येशूशी बोलताना ती कधी हसली नाही, त्याला ती घाबरून असायची.

तरीही मी लिहिलं. खोटं कशाला बोलू? आज सकाळी चहा घेता घेता माझ्याच मराठीत एक वाक्य केलं. 'सुखाने राहा, बाळांनो.' कुणाच्याही आईला शोभेल असं. दगडवाल्याला अक्षरं नीट कळावीत म्हणून मोठ्या कागदावर स्वच्छ अक्षरात काढलं, त्याचा फोटो काढला, रॉयचं नाव उघडलं. एक बोट टेकवायचं बाकी होतं. वसईत तुझ्या घरातल्यांखेरीज ते कुणाला खटकणार होतं? तीही माणसं विमानं सुरू झाल्याशिवाय यायची नाहीत.

तेवढ्यात त्याचाच फोन आला. म्हणाला, झालं का? मी म्हटलं, रॉय, मी चुकीचं लिहिलं तर?

"तू जे देशील ते मी खरं मानीन," तो म्हणाला. "खोटं असलं तरी मला कळणार कसं? माझ्याशी ती नेहमी इंग्लिशच बोलली."

माझ्या हातून तो फोटो गेला नाही, मावशी. त्याने वाद घातला असता, आग्रह केला असता, तर कदाचित गेला असता. पण हा एवढा मोठा माणूस, आपल्या आईचं वाक्य खरं का खोटं हे ओळखता येत नाही म्हणून माझ्या हातात मान देतोय. त्याला फसवणं किती सोपं आहे हेच मला बघवेना. तू त्याला का नाही गं शिकवलंस? वर्ग हसेल म्हणून? इथे पॉइंट कुकमध्ये कोणता वर्ग होता? रागावते मी तुझ्यावर, हो, रागावते. आणि दुसऱ्या क्षणी वाटतं, मी तरी तुला कुठे शिकवायला लावलं मला.

फोटो पुसून टाकलाय. संध्याकाळी रॉयकडे जाणार आहे, त्याच्या पायरीखाली उभी राहणार आहे. वाक्य माझ्याकडे नाही असं सांगेन. जे झालं ते सांगेन. तुझी आई पुष्कळ बोलली, तिने तीनदा काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं, ती हसली, आणि यातलं एक अक्षर मला कळलं नाही. तो चिडेल. चिडू दे. पट्टीचं काय करायचं ते त्याने ठरवावं, पण तू न बोललेलं काही तुझ्या नावाखाली माझ्या हातून जाणार नाही.

आणि तुझ्यापुरतं सांगते. तू काय विचारलंस ते मला माहीत नाही. रॉयकडे बघशील ना, असं विचारलंस? शिक्षण पुरं करशील ना, असं? गॅस बंद केलास ना, असंही असेल. काहीही असो, मी हो म्हटलंय, तुझ्या तोंडावर, तीन वेळा. ज्याला हो म्हटलं ते मला कळलेलं नाही, तरी मी ते पाळीन. कसं पाळायचं ते मला माहीत नाही, मावशी. पण पाळीन.

तुझी,
सुजाता, कराडची